डॉक्टर, सगळं ऐकू येतंय हं!

समजा हं, फक्त समजा! रविवारची सकाळ आहे. तुम्ही सायकलवरून आगाशीहून अर्नाळ्याकडे निघाला आहात. मागून मित्र हाक मारतो, तुम्ही वळून बघता, पुढचं चाक रस्त्याकडेच्या वाळूत जातं आणि... धप्प! हनुवटी फुटते. रक्त बघून तुमच्यापेक्षा मित्राचाच चेहरा पांढराफटक! कुणीतरी रिक्षा थांबवतं, बाबा धावत येतात आणि थोड्याच वेळात तुम्ही दवाखान्यातल्या उंच टेबलावर आडवे असता. डॉक्टरकाका जखम बघतात आणि म्हणतात, "तीन टाके घालावे लागतील."

तुम्ही हळूच विचारता, "मला झोपवणार ना?"

"छे रे! एवढ्याशा जखमेला झोपवायचं कशाला? तेवढ्या जागेपुरती भूल देऊ. तुला जागंच राहायचंय, आणि माझ्याशी बोलायचंय."

जागं राहायचं? आणि वर बोलायचं? आला ना पोटात गोळा?

दोस्तांनो, आज आपण नेमकं याच गोष्टीबद्दल बोलणार आहोत. माणूस टक्क जागा असताना त्याच्यावर उपचार चालतात, तेव्हा डॉक्टर त्याच्याशी काय बोलतात, कसं बोलतात, आणि त्यानं स्वतः काय बोलायचं असतं. तुम्हाला वाटेल, बोलणं म्हणजे वेळ घालवण्यापुरतं. मुळीच नाही! सुई, कात्री, औषध यांच्या जोडीला ते चौथं साधन असतं. ते नीट वापरलं नाही तर बाकीची तीनही नीट चालत नाहीत.

भूल नव्हती तेव्हा

एक काळ असा होता, की सगळेच रुग्ण जागे असत. कारण भूलच नव्हती!

१७९४ सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये हिंदुस्थानातून आलेलं एक पत्र छापून आलं. ते कावसजी नावाच्या एका मराठा बैलगाडीवानाबद्दल होतं. तो इंग्रजांच्या सैन्याबरोबर होता. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे सुमारे वर्षभरानं पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता. त्यानं आधी मेणाच्या पातळ पत्र्यानं नाकाचं माप घेतलं. मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, त्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. हे वर्णन वाचून युरोपातले डॉक्टर चकित झाले आणि त्यांनीही तशी नाकं करून पाहिली.

आता विचार करा. हे सगळं कावसजी जागा असताना चाललं होतं! पत्रात मेणाचं माप आहे, कातडीची रेघ आहे. पण त्या कारागिरानं त्याला धीर देताना कोणते शब्द वापरले, ते कुणी टिपून ठेवलं नाही. काही तरी बोलला असेलच ना तो?

नंतर १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं ईथरची वाफ देऊन रुग्णाला बेशुद्ध केलं आणि लोकांसमोर शस्त्रक्रिया झाली. माणसाला झोपवता येऊ लागलं. पुढे १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं आणखी एक पाऊल टाकलं. त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं स्वतःच्याच डोळ्यांत कोकेनचे थेंब टाकले आणि टाचणीच्या डोक्यानं बुबुळाला हात लावून पाहिला. काहीच कळेना! माणूस जागा आणि तेवढा डोळाच बधिर! कोकेन घातक आणि व्यसन लावणारं असल्यामुळे पुढे त्याच्या जागी सुरक्षित औषधं आली. तुमच्या हनुवटीत टोचलं जाईल ते बहुधा लिग्नोकेन. ते १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं.

म्हणजे बघा, रुग्ण पुन्हा जागा झाला. पण या वेळी वेदनेशिवाय. आणि जागा झाला म्हणजे त्याला सगळं ऐकूही येऊ लागलं!

'दुखतं'ची भावंडं

लिग्नोकेन करतं काय? आपल्या कातडीपासून मेंदूपर्यंत मज्जातंतूंच्या तारा गेलेल्या असतात. टोचलं की त्या तारांतून निरोप धावतो. हा निरोप पुढे सरकायला सोडियमचे कण तंतूच्या आत शिरावे लागतात. लिग्नोकेन त्या कणांची दारंच बंद करतं. निरोप वाटेतच अडतो, मेंदूला पत्ताच नाही!

पण गंमत अशी, की वेदनेचे निरोप नेणारे तंतू बारीक असतात आणि ते सहज बधिर होतात. दाबल्याचे, ओढल्याचे निरोप नेणारे तंतू जाड असतात, ते बरेचदा जागेच राहतात. म्हणून टाके घालताना दुखत नाही, पण कुणीतरी हनुवटी ओढतंय, ढकलतंय असं वाटतं. हे आधी सांगितलं नसेल तर मूल घाबरतं: "अरे बापरे, मला तर कळतंय! म्हणजे आता दुखणार!"

आणि इथे तुमचं काम सुरू होतं. भूल नीट लागली की नाही, हे डॉक्टरांना बाहेरून दिसत नाही. ते तुम्हीच सांगायचं. आपल्या मराठीत त्यासाठी काय शब्दांची खाण आहे बघा! टोचतं, झोंबतं, चुरचुरतं, ठणकतं, कळ येते, सणक मारते, मुंग्या येतात, जड वाटतं, ओढ बसते. एका 'दुखतं'ची किती भावंडं!

डॉक्टरांना ही सगळी भावंडं वेगवेगळं काही सांगतात. सुई टोचल्यावर औषध आत जाताना "झोंबतंय" म्हणालात तर ठीक, ते थोडा वेळ झोंबतंच. "जड वाटतंय, मुंग्या येतायत" म्हणालात तर छान, भूल चढतेय. टाका घालताना "ओढल्यासारखं वाटतंय" म्हणालात तर तेही चालेल. पण "टोचतंय!" म्हणालात, की डॉक्टर थांबतील आणि आणखी थोडी भूल देतील. नुसतं "आई गं!" म्हटलं तर यातलं नेमकं काय, ते कसं कळायचं?

सांग, दाखव, कर

लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर एक युक्ती वापरतात. ॲडलस्टन नावाच्या अमेरिकन दंतवैद्यांनी १९५९ साली ती मांडली. तिचं नावच आहे 'सांग, दाखव, कर'. आधी सोप्या शब्दांत सांगायचं: "हा छोटा पंखा आहे, दात वाळवायला वारा सोडतो." मग दाखवायचं: वारा मुलाच्या हातावर सोडायचा. आणि मग जसं सांगितलं, जसं दाखवलं, तसंच करायचं. वेगळं काही नाही!

पण दात दुरुस्त करताना तोंड तर उघडं, आत नळी, कापूस... बोलणार कसं? मग हात कामाला येतो. "काही वाटलं तर डावा हात वर कर, मी लगेच थांबेन," असं डॉक्टर आधीच ठरवून घेतात. डावाच का? कारण बहुतेक दंतवैद्य खुर्चीच्या उजव्या बाजूला असतात. उजवा हात उचललात तर हत्याराला धक्का लागायचा!

यातली खरी गोम पुढे आहे. मुलानं हात वर केला आणि डॉक्टर खरंच थांबले, की मुलाची अर्धी भीती पळते. 'थांबवणं माझ्या हातात आहे' हे कळलं की सहसा सारखं थांबवावं लागतच नाही. आणि हात वर करूनही थांबले नाहीत, तर? पुढच्या वेळी ते मूल खुर्चीवर चढायलाच तयार होत नाही.

मधमाशी चावेल हं!

आता एक प्रयोग ऐका. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. बोस्टनच्या एका रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेल्या १४० स्त्रियांच्या पाठीत भुलेचं इंजेक्शन द्यायचं होतं. त्याआधी कातडी बधिर करायला एक छोटी सुई टोचतात. काही जणींना सांगितलं, की आता मोठी मधमाशी चावल्यासारखं वाटेल, सगळ्यात वाईट भाग हाच. बाकीच्यांना सांगितलं, की आता ही जागा बधिर करणारं औषध देतो, म्हणजे पुढे तुम्हाला त्रास होणार नाही. सुई तीच, औषध तेच. मग प्रत्येकीला विचारलं, ० ते १० मध्ये किती दुखलं? मधमाशीवाल्यांचा मधला आकडा आला ५, दुसऱ्यांचा ३!

फरक फक्त शब्दांचा!

मग काय, डॉक्टरांनी "अजिबात दुखणार नाही" असं सरळ ठोकून द्यायचं? नाही, दोस्तांनो. ते तर आणखी वाईट. कारण मग सुई झोंबली की मुलाला दोन गोष्टी कळतात: एक, दुखतं, दोन, डॉक्टर खोटं बोलतात. पहिली थोड्या वेळात जाते, दुसरी वर्षानुवर्षं राहते. म्हणून चांगले डॉक्टर खरंच सांगतात, पण भीती न घालता: "आता औषध देतोय. मनात दहा आकडे म्हणेपर्यंत थोडं झोंबेल, मग जागा बधिर होईल. चल, मोज माझ्याबरोबर."

आजीचा मोतीबिंदू

आता तुमच्या हनुवटीकडून आजीच्या डोळ्याकडे वळू. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा आजीला न झोपवताच करतात. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकतात किंवा डोळ्याजवळ इंजेक्शन देतात. बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत काम संपतं. पण तेवढा वेळ आजीच्या तोंडावर कापड असतं आणि कापडाला डोळ्यापुरतं भोक. तिला वर झगझगीत उजेड दिसतो. बाकी सगळं कानांनीच!

म्हणून डॉक्टर बोलत राहतात. "आजी, आता पाणी पडल्यासारखं गार वाटेल." "उजेडाकडे बघत राहा." "छान, अर्धं झालं." आणि एक गोष्ट हमखास बजावतात: "खोकला आला, शिंक आली, तर आधी सांगा. मान हलवू नका." कारण दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेतून काम चाललेलं असतं. न सांगता आलेला खोकला तिथे मोठा गोंधळ घालू शकतो. आजीचं "डॉक्टर, खोकला येतोय" हे एक वाक्य तिचा डोळा वाचवू शकतं!

अशा वेळी डॉक्टरांना आपसातलं बोलणंही सांभाळावं लागतं. एखाद्याच्या हातून चिमटा खाली पडला आणि तो म्हणाला, "अरेच्चा, गेलं!" तर कापडाखालच्या आजीला काय वाटेल? आपला डोळाच गेला! म्हणून जाणते डॉक्टर 'सुरी द्या', 'रक्त बघा' असं मोठ्यानं म्हणत नाहीत, नुसता हात पुढे करतात.

शिवाय शब्दांखेरीजही बोलता येतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कुणीतरी रुग्णाचा हात हातात धरून बसलं तर त्याची धास्ती कमी होते, असं कोरियातल्या परिचारिकांनी अभ्यास करून २००१ साली दाखवलं. शिवाय हात दाबून आजी खूणही करू शकते.

कुठल्या भाषेत?

आता आपल्या वसई-विरारची खास अडचण. इथे भाषा किती! सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली या इथल्या बोली. त्यात गुजराती, हिंदी आणि लोकलगाडीनं आलेल्या आणखी कितीतरी. दवाखान्यात येणाऱ्या आजीनं आयुष्यभर बोलीतच विचार केलेला, आणि डॉक्टर कदाचित दुसऱ्याच जिल्ह्यातून शिकून आलेले. ते सवयीनं म्हणतात, "आजी, आय हलवू नका हं, थोडं प्रेशर वाटेल."

आजी मनात म्हणते, आय? कुणाची आय? आणि प्रेशर कशाला वाटेल, कालच तर मोजलं!

हसू नका! डॉक्टर चांगले, आजीही हुशार. शब्द तेवढा चुकला. "डोळा हलवू नका, जरा दाबल्यासारखं वाटेल," एवढं म्हटलं की काम झालं. आणि खात्री करायची तर विचारायचं, "आजी, मी काय सांगितलं? तुमच्या शब्दांत सांगा बघू."

भाषेची ही गोष्ट एका डॉक्टर जोडप्यानं फार मनावर घेतली. १९७३ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे गेले. भोवती दाट जंगल आणि माडिया लोक. त्यांची भाषा मराठीपेक्षा अगदी वेगळी. 'कुठे दुखतं?' एवढं विचारायलाही ती भाषा यायला हवी. मग दोघं डॉक्टर माडिया शिकले. २००८ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मेंदू उघडा, आणि गप्पा चालू!

सगळ्यात अचंब्याची गोष्ट शेवटी ठेवली आहे. काही शस्त्रक्रिया अशा असतात, की त्यात रुग्ण बोलला नाही तर डॉक्टरांचं कामच अडतं. कुठली? मेंदूची!

मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. डोक्याची कातडी आणि मेंदूवरचं आवरण बधिर केलं, की रुग्णाला जागं ठेवून मेंदूवर काम करता येतं. कॅनडातल्या माँट्रियल शहरात वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदानं विसाव्या शतकात ही पद्धत खूप वापरली. तो मेंदूच्या एकेका जागी अगदी सौम्य वीज लावायचा आणि विचारायचा, काय वाटतंय? कुणाला बोटांत मुंग्या जाणवायच्या, कुणाचा ओठ हलायचा. त्या उत्तरांवरूनच त्यानं मेंदूचा नकाशा तयार केला!

आज मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी मेंदूतली गाठ काढताना ही पद्धत वापरतात. गाठ बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या केंद्राजवळ असेल तर रुग्णाला जागं ठेवतात. जवळ बसलेले डॉक्टर त्याला चित्रं दाखवतात: हे काय? "छत्री." हे? "केळं." आकडे मोजायला लावतात, बोटं हलवायला सांगतात. एखाद्या जागी वीज लावताच शब्द अडला, की शल्यविशारदाला कळतं, इथे हात लावायचा नाही! आणि रुग्ण दोन भाषा बोलत असेल तर दोन्ही भाषांत विचारून बघतात.

विचार करा, इथे रुग्ण नुसता पडून नसतो. डॉक्टरांना वाट तोच दाखवत असतो.

आईबाबांनो, एवढं ऐका

हा भाग मोठ्यांसाठी. (मुलांनी वाचला तरी हरकत नाही!) "गप्प बस, नाहीतर डॉक्टरांना सांगून इंजेक्शन द्यायला लावीन," ही धमकी आपल्या घराघरांत चालते. ती आजपासून बंद करा. ज्या माणसाला आपण बागुलबुवा केलं, त्याच्याच हाती उद्या मुलाची फुटलेली हनुवटी द्यायची असते. "नुसतं बघायला जायचंय" म्हणून फसवून नेऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या संमतिपत्रावर सही तुम्ही करता हे खरं, पण शरीर त्याचं आहे. काय होणार ते त्याला समजेल अशा शब्दांत आधी सांगा. आणि परवानगी असेल तर जवळ उभं राहून हात धरा.

आणि तुम्ही, दोस्तांनो?

एक: सुरू करण्याआधी विचारा, "काय करणार? किती वेळ लागेल? काय वाटेल?" हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

दोन: थांबवायची खूण आधी ठरवा.

तीन: खरं सांगा. दुखत असताना शूरपणा दाखवायला "नाही दुखत" म्हणू नका, आणि दुखत नसताना उगाच किंचाळूही नका. दोन्हींनी डॉक्टरांचा अंदाज चुकतो.

चार: नेमका शब्द वापरा. टोचतंय, की ओढतंय, की झोंबतंय?

पाच: पूर्वी कुठल्या औषधानं अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास लागला असेल, तर ते न विसरता आधीच सांगा.

चला, परत त्या उंच टेबलावर. दहा आकडे मोजून झाले, झोंबणं थांबलं. पहिला टाका झाला, नुसता ओढल्यासारखा. दुसराही झाला. डॉक्टरकाका तिसऱ्यासाठी सुई टेकवतात आणि कोपऱ्यात चुटकन काहीतरी होतं. दात-ओठ आवळून गप्प राहावं असं वाटतं. बाबांसमोर रडायचं कसं? पण तुम्ही म्हणता, "काका, इथे टोचतंय."

सुई लगेच मागे जाते. "बरं झालं सांगितलंस. तिथे भूल पोचली नव्हती. आणखी दोन थेंब देतो."

तिसरा टाकाही होतो. तो दुखत नाही. दुखला नाही तो तुमच्यामुळे.

आता एक काम करा. तुमच्या घरात, शेजारी, वाडीत कुणाचा तरी मोतीबिंदू काढलेला असेलच. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते? कितीही वर्षं झालेली असोत, एखादं वाक्य त्यांना अजून पाठ असेल, पैज लावा!